पाहुणे, प्रदर्शन आणि शिक्षक : अपंगांच्या संस्थांना दिलेल्या अभ्यासभेटींचा इतिहास (१७७३ ते १९५१)

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील समाजकार्य, शिक्षणशास्त्र व मानसशास्त्र या विषयांच्या अभ्यासक्रमांत ‘अभ्यासभेट’ हा घटक आता इतका रुळला आहे की, त्यालाही स्वतःचा इतिहास असू शकतो हे सहसा ध्यानात येत नाही. समाजकार्याचे औपचारिक शिक्षण मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विद्यालयात सुरू झाले आणि संस्थाभेट हा त्या शिक्षणाचा एक अविभाज्य भाग राहिला. वर्षातून एकदा बस ठरते, अंधशाळेकडे किंवा कर्णबधिर विद्यालयाकडे महाविद्यालयाचे पत्र जाते, मुख्याध्यापक संस्थेची माहिती देतात, मुले गीत सादर करतात किंवा हातांनी घडवलेल्या वस्तू दाखवतात, आभारप्रदर्शन होते, छायाचित्र निघते आणि आठवड्याभरात अहवाल फाईलला लागतो. या सर्व कार्यक्रमात संस्थेतील अपंग व्यक्ती पाहुण्यांना नेमकी कोणत्या नात्याने भेटते, हा प्रश्न अहवालाच्या नमुन्यात क्वचितच असतो.

प्रस्तुत निबंधाचा विषय हाच प्रश्न आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप, अमेरिका व भारत येथे काही व्यक्तींनी कर्णबधिर व अंध यांच्या संस्थांना व्यावसायिक हेतूने भेटी दिल्या आणि त्या भेटींतून पुढील अनेक पिढ्यांच्या शिक्षणाची दिशा ठरली. या भेटींचा तौलनिक विचार केल्यास असे दिसते की, भेट किती दिवसांची होती किंवा अहवाल किती पानांचा होता यावर तिचे फलित अवलंबून नव्हते. संस्थेतील अपंग व्यक्ती पाहुण्यापुढे प्रदर्शनातील विद्यार्थी म्हणून उभी होती की शिक्षक म्हणून, यावर ते अवलंबून होते.

संज्ञांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. जुन्या संस्थांच्या नावांत व कागदपत्रांत ‘मूकबधिर’ हा शब्द आढळतो. १९९५ च्या कायद्यानंतर मराठीत ‘अपंग’ ही संज्ञा स्थिरावली आणि २०१६ च्या कायद्याच्या सुमारास शासकीय व्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द आला. येथे ऐतिहासिक विवेचनाच्या सोयीसाठी ‘अपंग’, ‘कर्णबधिर’ व ‘अंध’ हे शब्द वापरले आहेत.

झाकलेली विद्या : एडिंबरा व लंडन

१७६० मध्ये थॉमस ब्रेडवुड यांनी एडिंबरा येथे कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढली. ब्रिटनमधील ही अशा प्रकारची पहिली नियमित शाळा मानली जाते. १७७३ मध्ये स्कॉटलंडच्या प्रवासात असताना प्रसिद्ध कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी या शाळेस भेट दिली आणि १७७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात तिचा वृत्तान्त लिहिला. जॉन्सन हे काही शिक्षणाधिकारी नव्हते, परंतु अपंगांच्या शाळेला दिलेल्या भेटीचा हा एक आरंभीचा साहित्यिक पुरावा होय. त्यांनी एका मुलीच्या पाटीवर गुणाकाराचे उदाहरण लिहून दिले. तिने बोटे थरथरवल्यासारखी हलवली आणि उत्तर काढले. बोटांची ती हालचाल जॉन्सन यांना मोहक वाटली. मात्र त्यात काही पद्धत आहे की तो नुसता खेळ आहे, हे आपल्याला समजले नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे नमूद केले.

हा तपशील लहान असला तरी अर्थपूर्ण आहे. जॉन्सन यांच्यासारख्या सूक्ष्म निरीक्षकाला मुलीची बोटे दिसली, पण तिला त्याविषयी विचारण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते आणि तसे विचारावे ही कल्पनाही त्या काळी नव्हती. माहिती द्यायची ती शाळेच्या चालकाने. मुलीने उदाहरण सोडवून दाखवायचे. ब्रेडवुड कुटुंबाने तर आपली अध्यापनपद्धती घराण्याची मिळकत म्हणून जपली होती. बाहेरच्याने ती पाहावी, पण शिकून जाऊ नये, अशी त्यांची रीत होती.

या रीतीचा फटका चार दशकांनंतर एका अमेरिकन अभ्यासकाला बसला. कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथील शल्यवैद्य मेसन कॉग्जवेल यांची कन्या ॲलिस लहानपणीच्या आजाराने बहिरी झाली होती. कॉग्जवेल यांच्या पुढाकाराने राज्यातील धर्मोपदेशकांकरवी गणना करण्यात आली, तेव्हा एकट्या कनेटिकटमध्ये ८४ कर्णबधिर व्यक्ती असल्याचे आढळले. शाळा काढायची तर युरोपातील पद्धत शिकून आलेला माणूस हवा होता. त्यासाठी नागरिकांनी वर्गणी जमवली आणि थॉमस हॉपकिन्स गॅलोडेट या सत्तावीस वर्षांच्या धर्मशास्त्राच्या पदवीधराला १८१५ च्या मे महिन्यात ब्रिटनकडे रवाना केले. आधुनिक अर्थाने ज्याला व्यावसायिक अभ्यासभेट म्हणता येईल, तिचे हे एक स्पष्ट उदाहरण आहे. प्रश्न निश्चित होता, खर्चाची तरतूद होती आणि परत आल्यावर काय उभारायचे हेही ठरलेले होते.

लंडनमधील संस्थेचे प्रमुख जोसेफ वॉटसन हे ब्रेडवुड यांचेच नातेवाईक. त्यांनी गॅलोडेट यांना अट घातली की, तीन वर्षे साहाय्यक म्हणून सकाळपासून रात्रीपर्यंत संस्थेत राबावे, तरच पद्धत समजेल. गॅलोडेट एडिंबरा येथे गेले. तेथील शिक्षक रॉबर्ट किनिबर्ग यांची मदत करण्याची तयारी होती, परंतु ही विद्या ठरावीक वर्षे कोणालाही सांगणार नाही, असे बंधपत्र ब्रेडवुड घराण्याने त्यांच्याकडून लिहून घेतले होते आणि त्यातून सूट देण्यास नकार दिला. कित्येक महिने असे गेले. भारतीय वाचकाला यात घराण्याची गायकी शिष्याखेरीज कोणाला न देणाऱ्या उस्तादांची आठवण व्हावी. फरक एवढाच की, येथे पणाला लागले होते ते बहिऱ्या मुलांचे शिक्षण.

पॅरिसचे वर्ग आणि परतीचे जहाज

लंडनमध्ये असतानाच गॅलोडेट यांची गाठ पॅरिसच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रमुख अब्बे सिकार यांच्याशी पडली होती. सिकार आपल्या दोन कर्णबधिर सहकाऱ्यांसह, म्हणजे झाँ मासियू आणि लोराँ क्लेर्क यांच्यासह, लंडनमध्ये जाहीर प्रात्यक्षिके देत होते. श्रोत्यांनी अवघड तात्त्विक प्रश्न विचारावेत, ते खुणांनी मासियू किंवा क्लेर्क यांना सांगितले जावेत आणि त्यांनी फळ्यावर लेखी उत्तर द्यावे, असा हा कार्यक्रम असे. हेही प्रदर्शनच होते, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि ब्रेडवुड यांच्या शाळेतील मुलगी आणि हे दोघे यांत एक महत्त्वाचा भेद होता : मासियू व क्लेर्क हे पॅरिसच्या संस्थेतील शिक्षक होते.

१८१६ च्या वसंतात गॅलोडेट पॅरिसला पोहोचले. तेथे त्यांना कोणी बंधपत्र लिहून मागितले नाही. ते वर्गांत बसू लागले आणि सिकार यांच्याखेरीज मासियू व क्लेर्क यांच्याकडूनही खुणांची भाषा शिकू लागले. भेटीचा अर्थ येथे पालटतो. ऐकू येणारा, पदवीधर असलेला पाहुणा विद्यार्थ्याच्या बाकावर आहे आणि बहिरा माणूस त्याला शिकवतो आहे. काही आठवड्यांतच गॅलोडेट यांच्या लक्षात आले की, ही भाषा टिपणे काढून नेण्याजोगी नाही. पुस्तक, तक्ता किंवा अहवाल यांतून ती अटलांटिक ओलांडू शकली नसती. म्हणून त्यांनी क्लेर्क यांनाच अमेरिकेस येण्याची विनंती केली. तीन वर्षांचा लेखी करार झाला आणि जून १८१६ मध्ये दोघे जहाजावर चढले. प्रवास ५२ दिवस चालला. या प्रवासात क्लेर्क गॅलोडेट यांना खुणा शिकवीत होते आणि गॅलोडेट क्लेर्क यांना इंग्रजी.

१५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्ड येथे शाळा उघडली. त्यापूर्वी काही महिने क्लेर्क यांनी गॅलोडेट यांच्यासमवेत निरनिराळ्या शहरांत फिरून, स्वतः लिहिलेली भाषणे दुसऱ्याकडून वाचून घेऊन, निधी जमवला होता. ॲलिस कॉग्जवेल ही पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. पुढे या शाळेत मार्थाज् व्हिनयार्ड या बेटावरून मुले आली. तेथे आनुवंशिक बहिरेपणाचे प्रमाण मोठे असल्यामुळे ऐकणारे व न ऐकणारे असे दोघेही खुणांनी बोलत. ही मुले आपली स्थानिक खूणभाषा घेऊन आली. क्लेर्क यांची फ्रेंच खूणभाषा आणि मुलांच्या निरनिराळ्या घरगुती खुणा यांच्या मिश्रणातून आजची अमेरिकन खूणभाषा घडली, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. क्लेर्क यांनी १८५८ पर्यंत अध्यापन केले. तीन वर्षांचा करार बेचाळीस वर्षांचा झाला.

बोस्टनचे अंधविद्यालय : काय आणले, काय राहिले

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. बोस्टनचे डॉक्टर सॅम्युअल ग्रिडली हाऊ यांची १८३१ मध्ये नियोजित अंधविद्यालयाचे संचालक म्हणून निवड झाली आणि त्यांना पाहणीसाठी युरोपात धाडण्यात आले. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात वैद्य म्हणून काम केलेला हा धाडसी गृहस्थ पाहणीदौऱ्यातही स्वस्थ बसला नाही. पोलिश निर्वासितांना मदत पोहोचवल्याबद्दल प्रशियाच्या पोलिसांनी त्यांना अटक करून बर्लिनच्या तुरुंगात काही आठवडे ठेवले. शासकीय परवानगीच्या पत्रासाठी ताटकळणाऱ्या आजच्या प्राध्यापकांना ही अडचण वेगळ्या दर्जाची वाटेल.

हाऊ यांनी परतताना दोन अंध शिक्षक सोबत घेतले. पॅरिसहून एमिल ट्रेंशेरी बौद्धिक विषयांसाठी आणि एडिंबराहून जॉन प्रिंगल हस्तव्यवसायासाठी. १८३२ मध्ये हाऊ यांच्या वडिलांच्या घरात मूठभर मुलांना घेऊन जी शाळा सुरू झाली, तीच पुढे पर्किन्स विद्यालय म्हणून जगप्रसिद्ध झाली. येथवर हार्टफर्डचाच धडा गिरवला गेलेला दिसतो. परंतु हाऊ यांनी पॅरिसहून एक गोष्ट आणली नाही आणि तिचा विचार केल्याविना हा इतिहास पुरा होत नाही.

पॅरिसच्या अंधविद्यालयात त्या काळी लुई ब्रेल नावाचा एक अंध तरुण शिकवीत होता. सहा टिंबांवर आधारलेली त्याची लेखनपद्धती १८२९ मध्ये छापून प्रसिद्धही झाली होती. तथापि संस्थेची अधिकृत पद्धत ही संस्थापक व्हॅलँतँ आउई यांची, म्हणजे उठावदार रोमन अक्षरांची होती. ब्रेल यांची पद्धत विद्यार्थ्यांत लोकप्रिय असली तरी संस्थेने तिला अधिकृत मान्यता १८५४ पर्यंत दिली नाही. डोळस शिक्षकांची भीती अशी की, टिंबांची लिपी आल्यास अंध व डोळस यांच्यात भिंत उभी राहील. हाऊ यांचाही कल याच बाजूला होता. बोस्टनला परतल्यावर त्यांनी उठावदार रोमन अक्षरांचीच एक सुधारित पद्धत सिद्ध केली व १८३५ पासून तिच्यात पुस्तके छापली. ही अक्षरे डोळस माणसाला सहज वाचता येत. अंध मुलाला ती बोटांनी चाचपताना किती वेळ लागतो आणि त्याला स्वतःला ती लिहिता येतात का, हे प्रश्न दुय्यम ठरले. परिणामी अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत एकाहून अधिक स्पर्शलिपींचा गोंधळ चालू राहिला आणि एका पद्धतीत शिकलेल्या व्यक्तीला दुसऱ्या पद्धतीतील पुस्तक निरुपयोगी ठरू लागले.

हाऊ यांनी अंध शिक्षक आणले, हे खरे. पण लिपीचा निवाडा करताना डोळ्यांना प्रमाण मानले आणि बोटांना विचारले नाही. अभ्यासभेटीत पाहुणा जे शोधायला जातो तेच त्याला सापडते, या सामान्य अनुभवाचे याहून मोठे ऐतिहासिक उदाहरण क्वचितच मिळेल.

पर्किन्स विद्यालयात पुढे हाऊ स्वतः यजमान झाले. १८३७ मध्ये लॉरा ब्रिजमन ही दृष्टी व श्रवण दोन्ही गमावलेली मुलगी विद्यालयात आली आणि हाऊ यांनी तिला भाषा शिकवून दाखवली. शनिवारी लोकांना विद्यालयात प्रवेश असे आणि लॉराला पाहायला झुंबड उडे. तिने लिहिलेले कागद, विणलेली नक्षी आठवण म्हणून लोक घेऊन जात. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स यांनी विद्यालयास भेट दिली व त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-प्रवासाच्या पुस्तकात लॉराविषयी विस्ताराने लिहिले. त्यातील बराचसा मजकूर हाऊ यांच्या अहवालांतून उतरवलेला आहे. डिकन्स यांचे स्वतःचे निरीक्षण थोडे असले तरी तीक्ष्ण आहे. विद्यालयातील इतरांप्रमाणे लॉराच्या डोळ्यांवर हिरवी फीत बांधलेली होती. तिच्याजवळ पडलेली बाहुली डिकन्स यांनी उचलून पाहिली, तर तिच्याही डोळ्यांवर लॉराने तशीच हिरवी फीत बांधली होती. संस्थेच्या शेकडो पानांच्या अहवालांत लॉराच्या अंतःकरणाविषयी जे सांगितलेले नाही, ते या एका बाहुलीत आहे.

डिकन्स यांचे हे वर्णन चार दशकांनंतर अलाबामातील एका आईच्या वाचनात आले. तिची मुलगी हेलन केलर. त्यातून पर्किन्स विद्यालयाचा शोध सुरू झाला आणि मार्च १८८७ मध्ये ॲन सलिव्हन हेलनच्या घरी पोहोचली. तिने सोबत नेलेल्या बाहुलीचे कपडे लॉरा ब्रिजमननेच शिवले होते. ॲन स्वतः विद्यालयाची विद्यार्थिनी, दृष्टी अधू असलेली. बोटांची भाषा ती लॉराच्या सहवासात शिकली होती. म्हणजे डिकन्स यांच्या भेटीने दार दाखवले, पण त्या दारातून जी विद्या बाहेर आली ती एका अपंग स्त्रीकडून दुसरीकडे गेलेली होती.

पडताळणीचा दौरा आणि मिलानचा ठराव

१८४३ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे शिक्षणसचिव होरेस मान यांनी युरोपातील शाळांची पाहणी केली. हाऊही त्याच सुमारास तेथे होते. मान यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सातव्या वार्षिक अहवालात लिहिले की, प्रशिया व अन्य जर्मन प्रदेशांतील शाळांत बहिरी मुले खुणांविना, तोंडाने बोलून शिकतात आणि ही पद्धत अमेरिकेतील पद्धतीपेक्षा श्रेष्ठ आहे. जर्मन ही मान यांची भाषा नव्हती, तेव्हा ही मुले कितपत स्पष्ट व किती स्वयंस्फूर्त बोलत होती हे ठरवण्याची त्यांची कुवत मर्यादित होती, हे लक्षात घ्यावे लागते.

या अहवालाने खळबळ उडाली, परंतु हार्टफर्ड व न्यूयॉर्क येथील संस्थांनी केवळ लेख लिहून उत्तर दिले नाही. हार्टफर्डने आपले प्रमुख लुईस वेल्ड यांना व न्यूयॉर्कने जॉर्ज डे यांना १८४४ मध्ये त्याच शाळा पुन्हा पाहण्यासाठी पाठवले. त्यांनी आढळले ते असे की, चांगले बोलणारी मुले बहुधा अंशतः ऐकू येणारी किंवा बोलायला शिकल्यानंतर बहिरी झालेली असतात. जन्मतः पूर्ण बहिऱ्या मुलांच्या बाबतीत यश तुटपुंजे आहे. हे मूल केव्हा बहिरे झाले, हा साधा प्रश्न पहिल्या भेटीत पुरेसा विचारला गेला नव्हता. एका पाहणीची पडताळणी दुसऱ्या पाहणीने करणे ही पद्धत त्या काळाच्या मानाने प्रगत म्हणावी लागेल. आजच्या शैक्षणिक व्यवहारात ती कितपत टिकली, हा वेगळा विषय आहे.

१८८० मध्ये मात्र पडताळणीला वावच ठेवला गेला नाही. त्या वर्षी ६ ते ११ सप्टेंबर या काळात मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधींपैकी बहुसंख्य इटालियन व फ्रेंच होते आणि कर्णबधिर प्रतिनिधी अवघा एक, वॉशिंग्टनचे जेम्स डेनिसन. परिषदेला जोडून मिलानमधील शाळांच्या भेटी ठेवल्या होत्या. तेथे मुलांनी तोंडी प्रश्नांना तोंडी उत्तरे दिली आणि पाहुणे भारावले. काही मुले प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देऊ लागल्याचे विरोधी मताच्या प्रतिनिधींच्या ध्यानात आले. कोणते मूल जन्मतः बहिरे, कोणाचे शिक्षण किती वर्षे झाले, याची माहिती त्यांना नीट मिळाली नाही. तरीही मौखिक पद्धतीला निःसंशय प्राधान्य देणारा ठराव प्रचंड बहुमताने संमत झाला. विरोधात चार मते पडली.

चार मते विरुद्ध १६० हा आकडा वाचताना हे विसरता कामा नये की, ज्यांच्या भाषेवर हा ठराव होता त्यांना मतपेटीपासून दूर ठेवले गेले होते. त्याच्या आदल्याच महिन्यात, ऑगस्ट १८८० मध्ये, सिनसिनाटी येथे अमेरिकेतील कर्णबधिरांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली होती. संघटित मत अस्तित्वात होते. मिलानला ते नको होते. ठरावानंतर युरोपातील शाळांतून खूणभाषा व तिच्यासोबत कर्णबधिर शिक्षक हद्दपार झाले. अमेरिकेत ही प्रक्रिया सावकाश झाली, तरीही १८७० मध्ये सुमारे ४० टक्के असलेले कर्णबधिर शिक्षकांचे प्रमाण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत सुमारे १५ टक्क्यांवर उतरले. क्लेर्क यांच्यासारख्याला आता पॅरिसमध्येही नोकरी मिळाली नसती. या मालिकेतील पुढच्या परिषदेने मिलानचे ठराव नाकारून त्यांच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, व्हँकूव्हर येथे. म्हणजे १३० वर्षांनी.

भारतातील प्रवाह

भारतात कर्णबधिरांच्या शिक्षणाचा आरंभ याच ठरावाच्या छायेत झाला. मुंबईत १८८५ च्या सुमारास रोमन कॅथॉलिक बिशप लिओ मोरिन यांच्या प्रयत्नांतून पहिली शाळा सुरू झाली आणि १८९३ मध्ये कलकत्त्यात दुसरी. कलकत्त्याच्या शाळेचे एक संस्थापक जामिनीनाथ बॅनर्जी यांना अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी ब्रिटन व अमेरिकेस पाठवण्यात आले. भारतीय शिक्षकाने अपंगांच्या शिक्षणासाठी केलेल्या या पहिल्या महत्त्वाच्या अभ्यासदौऱ्यांपैकी एक होय. बॅनर्जी वॉशिंग्टनच्या ज्या महाविद्यालयात गेले ते थॉमस गॅलोडेट यांचा मुलगा एडवर्ड याने वाढवलेले होते. एडवर्डची आई सोफिया फाउलर ही स्वतः बहिरी व हार्टफर्डची विद्यार्थिनी. मिलानमध्ये विरोधी मत देणाऱ्यांत तोही होता. परंतु १८९१ मध्ये तेथे सुरू झालेल्या शिक्षकप्रशिक्षण विभागात प्रवेश फक्त ऐकू येणाऱ्यांना होता. कर्णबधिरांच्या उच्च शिक्षणासाठी नावाजलेल्या संस्थेतही शिक्षक होण्याची वाट कर्णबधिरांसाठी बंद करून ठेवलेली होती. बॅनर्जी परतले ते मौखिक पद्धती घेऊन आणि कलकत्त्याच्या शाळेने पुढे अन्य प्रांतांतील शिक्षक घडवले. हार्टफर्डचा अभ्यासक सोबत एक बहिरा शिक्षक घेऊन आला होता. ऐंशी वर्षांनंतरचा भारतीय अभ्यासक एक पद्धती घेऊन आला. दोष बॅनर्जी यांच्या निष्ठेचा नव्हे. त्यांनी जे पाहिले, ते त्यांना तसेच दाखवण्यात आले होते.

अंधांच्या क्षेत्रात मात्र एक निराळी घटना घडली. तिची दखल मराठीत फारशी घेतली गेलेली नाही. १९४२ मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण व आरोग्य सल्लागार मंडळांनी भारतातील अंधत्वाचा अभ्यास करण्यासाठी संयुक्त समिती नेमली आणि तिच्या कामासाठी न्यूझीलंडचे सर क्लूथा मॅकेंझी यांना पाचारण करण्यात आले. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत त्यांची दृष्टी गेली होती. लंडनच्या सेंट डन्स्टन्समध्ये पुनर्वसनाचे शिक्षण घेऊन त्यांनी पुढे ऑकलंडची अंधसंस्था अनेक वर्षे चालवली होती. म्हणजे येथे पाहुणा स्वतःच अंध होता. भारतातील अंधशाळांत तो गेला तेव्हा त्याला दाखवण्यासाठी मांडलेली रंगीत टोपली किंवा सजवलेली भिंत यांचा उपयोग नव्हता. त्याने पुस्तकावर बोट ठेवायचे आणि मुलांशी बोलायचे. मुलांच्या बोटांखालील पुस्तक कोणत्या लिपीत आहे, हे त्याला मुख्याध्यापकांनी सांगावे लागत नव्हते.

१९४४ च्या अहवालाने अंधत्वाचा प्रश्न धर्मादायाच्या कक्षेतून शासनाच्या कक्षेत आणला. त्यानंतर शिक्षण मंत्रालयात अंधांसाठी स्वतंत्र कक्ष निघाला व १९४७ मध्ये लाल अडवाणी हे अंध अधिकारी मंत्रालयात रुजू झाले. दरम्यान लिपीचा प्रश्न तीव्र झाला होता. निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालू होत्या आणि १९४० च्या दशकात तज्ज्ञांच्या समितीने तयार केलेल्या एकरूप पद्धतीला अंध वाचकांचाच विरोध होता, कारण ती जगभरच्या ब्रेलपासून फारकत घेणारी होती. १९४९ मध्ये भारत सरकारने हा वाद युनेस्कोपुढे नेला. युनेस्कोने या कामासाठी मॅकेंझी यांचीच योजना केली. १९५० च्या पॅरिस परिषदेनंतर आणि १९५१ च्या बैरूत बैठकीनंतर भारती ब्रेल निश्चित झाली. तिचे तत्त्व साधे आहे : ध्वनी तोच तर टिंबेही तीच. मराठीतील ‘क’, बंगालीतील ‘क’ व तमिळमधील ‘क’ डोळ्यांना वेगळे दिसतात. बोटाला ते एकच लागतात आणि इंग्रजी ‘के’ या अक्षराची टिंबेही तीच आहेत. शंभर वर्षांपूर्वी हाऊ यांनी डोळ्यांच्या सोयीसाठी जो निर्णय घेतला होता, त्याच्या नेमका उलट हा निर्णय बोटांच्या सोयीने झाला.

महाराष्ट्रातील दोन अनुभव

महाराष्ट्रात भेटीच्या रूढ साच्याला छेद देणारे दोन प्रयोग नोंदवण्याजोगे आहेत. बाबा आमटे यांच्या महारोगी सेवा समितीने चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तींना १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाच्या व्याख्येत घेतले, त्यापूर्वी कित्येक वर्षे शहरांतील विद्यार्थी ऐन मे महिन्याच्या उन्हात तेथे जाऊन कुदळ-फावडे हाती घेत होते. छावणीतला पाहुणा प्रेक्षक राहू शकत नाही. सकाळी हातात घमेले येते आणि जमीन कशी करावी हे तेथील रहिवाशाला त्याच्यापेक्षा अधिक कळते, हे तासाभरात उघड होते. अर्थात अशा छावणीचे पर्यवसान अभ्यासात व्हायचे तर नोंदी लागतात, आणि भारावलेपणापलीकडच्या नोंदी फार कमी जणांनी ठेवल्या.

दुसरा अनुभव मुंबईतील वांद्रे येथील अली यावर जंग यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेचा. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत २००१ पासून भारतीय सांकेतिक भाषेचे पद्धतशीर अध्यापन सुरू झाले आणि त्यासाठी कर्णबधिर व्यक्तींना शिक्षक म्हणून तयार करण्यात आले. विशेष शिक्षणाचे विद्यार्थी, पालक व दुभाषे होऊ इच्छिणारे यांना या वर्गात तोंडाने बोलण्याची मुभा नसणे हे अध्यापनाच्या दृष्टीने स्वाभाविकच आहे. ज्याला वर्षानुवर्षे ‘बोलता न येणारा’ म्हणून दाखवले गेले, तो फळ्यापाशी उभा असतो आणि पदवीधर विद्यार्थी एकेक खूण चुकत, पुन्हा करून पाहत असतात. पुढे २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले व २०१८ मध्ये त्या केंद्राने ३,००० शब्दांचा कोश प्रसिद्ध केला.

महाविद्यालयांच्या अहवाल-नमुन्यात ‘संस्थेचे नाव, स्थापना, पदाधिकारी, लाभार्थी संख्या, विद्यार्थ्यांचा अभिप्राय’ असे रकाने असतात. ‘संस्थेतील कर्मचाऱ्यांपैकी व व्यवस्थापक मंडळापैकी अपंग किती’ आणि ‘त्यांपैकी कोणाशी, दुसरे कोणी मध्ये नसताना, किती वेळ बोलणे झाले’ हे दोन रकाने त्यात वाढवण्यास शासनाच्या किंवा विद्यापीठाच्या परवानगीची गरज नाही.